इंजिन बांधायचं का बदलायचं? टिलर, मिनी ट्रॅक्टर आणि रोटरवर वाचकांचे प्रश्न

या अंकासाठी सातारा आणि सांगली जिल्ह्यातून आलेले बहुतेक प्रश्न फिरून फिरून एकाच जागी येतात, मशीन ओढत नाही आता नवीन इंजिन टाकू का. दुकानात गेलं की उत्तर तयारच असतं, टाका, आणि दोन एचपी जास्तीचं टाका. पण इंजिन हा शेवटचा खर्च आहे, त्याआधी तपासायच्या बऱ्याच गोष्टी फुकट आहेत आणि घरी बसून करता येतात, म्हणून यावेळी उत्तरं जरा सविस्तर दिलीयेत.

प्रश्न : आमचा १३ एचपीचा पॉवर टिलर दहा-बारा वर्षांचा झाला. उसाच्या भरणीला आता दम टाकतो, निळा धूर मारतो, ऑईल सारखं टाकावं लागतं. एक मिस्त्री म्हणतो रिंगा-पिस्टन टाकू, दुसरा म्हणतो इंजिनच काढा. कुणाचं ऐकू? (एक शेतकरी, वाळवा तालुका)

दादा, दोघांचंही ऐकायच्या आधी टिलर रानात घाला, रोटर (माती फोडणारी फिरती पाती) जमिनीत उतरवा आणि कान इंजिनाकडं, डोळे पात्यांकडं ठेवा. लोड आल्यावर इंजिनाचा आवाज तसाच राहिला आणि पाती मात्र हळू झाली तर इंजिनात दोष नाही, व्ही बेल्ट घसरतोय नाहीतर क्लच प्लेट गेलीय. बेल्ट घसरत असला तर रबर जळल्याचा वास येतो आणि बेल्टच्या बाजू काचेसारख्या चकाकतात. आता उलटं, लोड आल्यावर इंजिनच खाली बसतं आणि काळा धूर टाकतं असं असेल तर मग इंजिनाकडं बघायचं, आणि तिथंही पहिल्यांदा एअर क्लिनर, मग डिझेल फिल्टर, मग नोझल. बेल्ट बदलायची वेळ आली तर सगळे एकदम बदला, एक नवा आणि बाकीचे जुने ठेवले की सगळा भार नव्यावर येतो आणि तो पण लवकर तुटतो.

तुमच्या बाबतीत निळा धूर आहे आणि ऑईल संपतंय म्हणजे ऑईल जळतंय हे नक्की. सकाळी चालू करताना थोडा वेळ निळा येऊन नंतर साफ होत असेल तर व्हॉल्व्ह गाईडकडं संशय जातो. पण दिवसभर येत असेल आणि ब्रीदरमधून (इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) पण धूर फुकत असेल तर रिंगा आणि लायनर झिजलेत. अजून एक, डिझेल बंद ठेवून, डिकॉम्प्रेशनची खिट्टी (इंजिनातला हवेचा दाब सोडणारी) न दाबता हँडल सावकाश फिरवून बघा, चांगलं इंजिन एका जागी घट्ट अडतं आणि मागं ढकलतं (अंगठा हँडलच्या त्याच बाजूला ठेवा जिकडं बाकीची बोटं आहेत, उलट मार बसला तर अंगठा वाचतो), आणि सहज गोल फिरत गेलं तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलेंडरमधला हवेचा दाब, गेलंय.

कॉम्प्रेशन गेलं म्हणजे इंजिन टाकाऊ झालं असं नाही. या टिलरच्या पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनांना लायनर वेगळा निघतो, म्हणजे लायनर, पिस्टन, रिंगा, बेअरिंग, व्हॉल्व्ह घासून, नोझल सेट करून इंजिन पुन्हा उभं राहतं. निकाल लागतो तो क्रँकवर, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतो त्या मुख्य शाफ्टवर. मिस्त्रीला सांगा क्रँकचं जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) मायक्रोमीटरने मोजा आणि आकडा कागदावर लिहून द्या, नुसतं बोटाने चाचपून 'गेलंय' म्हणणाऱ्याकडं काम देऊ नका. ०.२५ किंवा ०.५० मिमी घासून अंडरसाईज (तेवढ्या बारीक मापाचं) बेअरिंग बसत असेल तर बिनधास्त बांधा. क्रँकला चीर आहे, ब्लॉक फुटलाय, कनेक्टिंग रॉड बाहेर आलाय किंवा त्या मॉडेलचे पार्टच मिळत नाहीत, अशा वेळीच नवीन इंजिन. माझं मत विचाराल तर तुमचं इंजिन बांधा.

आणि समजा बदलायचंच ठरलं तर नुसता एचपी विचारून पैसे देऊ नका. जुन्या इंजिनाच्या बेडची भोकं कुठून कुठपर्यंत आहेत ते मोजा, बेडपासून शाफ्टच्या मध्यापर्यंत उंची किती, शाफ्ट किती मिलिमीटर, चावीचा का टेपर (टोकाला निमुळता), कुठल्या दिशेने फिरतो, किती आरपीएमला पूर्ण ताकद देतो, सायलेन्सर कुणाच्या तोंडाकडं येतो, एक्सलेटरची केबल पोचते का, आणि वजन. टिलर दोन चाकांवर तोललेला असतो, पुढं वजन वाढलं की हँडल आपोआप वर उचललं जातं, ते दिवसभर दाबून धरून खांदे भरून येतात, कमी झालं तर नांगराला टिलर पुढून उठतो. पुली सरळ रेषेत नसेल तर बेल्ट आठवड्यात जातो, म्हणून दोन्ही पुल्यांना सुतळी ताणून लाईन बघायची. आपल्या भागात लेथवाल्यांची कमी नाही, १९१० ला किर्लोस्करवाडीला लोखंडी नांगराचा कारखाना उभा राहिला त्या या जिल्ह्यात पुली आणि बुश नीट बोअर करून देणारा माणूस शोधला की सापडतोच.

१३ च्या जागी १६-१८ एचपी टाकायचा मोह आवरा. गिअर, चेन आणि रोटरचा शाफ्ट १३ च्या हिशोबाने बनवलेत, जास्तीची ताकद आधी त्यांनाच खाते. तसंच इंजिनावर खर्च करायच्या आधी रोटरचा शाफ्ट हाताने वर-खाली हलवून बघा, खुळखुळत असेल तर बेअरिंग गेलेत. गिअर ऑईलचा बोल्ट ढिला करून थोडं ऑईल बाहेर घ्या, चहासारखं दुधट दिसलं तर सीलमधून पाणी आत जातंय. ते आधी.

प्रश्न : द्राक्षबागेत १८ एचपीचा मिनी ट्रॅक्टर आणि चार फुटी रोटर आहे. पीटीओच्या (ट्रॅक्टरची ताकद रोटरला देणाऱ्या) शाफ्टचा क्रॉस (सांध्यातला अधिकच्या आकाराचा तुकडा) सारखा तुटतो आणि सगळा ट्रॅक्टर थरथरतो. खरड छाटणीनंतर जास्तच. ट्रॅक्टरचं इंजिन कमी पडतंय का? (तासगाव)

इंजिन कमी पडतंय म्हणण्यापेक्षा रोटर जास्त झालाय. १८ एचपीला तीन फुटांच्या आसपासचा रोटर सुखाने चालतो, चार फुटी आपल्या काळ्या रानात, त्यात ओल जराशी कमी असली की ओढाताण होणारच. तो रोटर विकायचा नसेल तर खोली कमी ठेवा आणि एकाच वेळी फोडण्यापेक्षा दोन पाळ्या घाला.

क्रॉस तुटायची कारणं मात्र वेगळी आहेत आणि ती बघायला मिस्त्री लागत नाही. शाफ्ट खोलून धुवून परत जोडताना दोन्ही टोकांचे क्रॉस धरणारे काटे एका रेषेत यायला पाहिजेत, एक आडवा आणि एक उभा बसला की प्रत्येक फेऱ्याला शाफ्टचा वेग कमी-जास्त होतो, तीच तुमची थरथर असू शकते, आणि हे मी पहिल्यांदा बघायला सांगेन कारण धुण्याच्या वेळी हे हमखास उलटं बसतं. दुसरं, ओळीच्या शेवटी वळताना तुम्ही पीटीओ चालू ठेवून रोटर पूर्ण वर उचलता का? तेव्हा शाफ्टचा कोन एवढा वाढतो की क्रॉस ठोके खातो. वळताना पीटीओ बंद करा, नाहीतर लिफ्टला असा स्टॉपर लावा की पाती जमिनीच्या जरा वर येऊन थांबतील. तिसरं, शाफ्ट जास्तीत जास्त लांब झाला तरी आतली नळी निदान एक तृतीयांश आत राहिली पाहिजे, आणि सगळ्यात आखूड झाला तरी तळाला टेकता कामा नये, टेकला तर धक्का थेट ट्रॅक्टरच्या पीटीओ बेअरिंगला जातो. क्रॉसला आठ-दहा तास काम झालं की ग्रीस, हंगाम संपल्यावर एकदाच नव्हे. शिअर बोल्ट असेल तर त्याच्या जागी टणक बोल्ट घालू नका, तो तुटण्यासाठीच ठेवलेला आहे.

आता खरड छाटणीचं. छाटलेल्या काड्या, बांधलेली सुतळी, ठिबकच्या नळीचे तुकडे, तारेचे तुकडे हे सगळं रोटरच्या शाफ्टला गुंडाळत जातं आणि सरकत सरकत दोन्ही टोकांच्या बेअरिंगजवळ जाऊन बसतं. तिथं ते सील कापतं, सील कापलं की ऑईल गळतं, माती आत शिरते, आणि महिन्याभरात बेअरिंगचा आवाज यायला लागतो. रोज संध्याकाळी शाफ्ट साफ करा. पण पीटीओ नुसता बंद करून नाही, ट्रॅक्टर बंद, किल्ली खिशात, रोटर खाली टेकलेला किंवा खाली दगड-ठोकळा लावलेला, मगच हात घालायचा, आणि ही गोष्ट घरातल्या पोरांना आणि गड्याला पण सांगून ठेवा. शाफ्टवरचं प्लॅस्टिकचं कव्हर काढून टाकलं असेल तर परत बसवा, फिरणाऱ्या उघड्या शाफ्टमध्ये टॉवेलाचं किंवा साडीचं टोक अडकायला एक क्षण लागतो आणि माणूस सुटत नाही.

पाती बघा. एल आकाराच्या पात्यांत डावी-उजवी असते, धारेची बाजू मातीत आधी शिरली पाहिजे. एका फ्लँजवर (पाती बसवायच्या चकतीवर) तीन नवी आणि तीन झिजलेली घातली तर तोल जातो आणि थरथर सुरू होते, बदलायची तर पूर्ण सेट बदला. नवीन पाती घातल्यावर पहिल्या दोन-तीन तासांनी नट पुन्हा आवळा. गिअरबॉक्सला ९० नंबरचं ऑईल, लेव्हल रोटर सपाट जागेवर ठेवून बघायची.

प्रश्न : आल्याला भर लावून झाल्यावर ७ एचपीचा पेट्रोल पॉवर वीडर (तण काढायचं छोटं मशीन) शेडमध्ये ठेवला होता. आता दोरी ओढून हात दुखले, चालूच होत नाही. (एक ताई, कोरेगाव)

ताई, पेट्रोल जुनं झालंय. आता पंपावर मिळतं त्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, त्यातलं बरंच आपल्याच उसापासून बनतं ही चांगली गोष्ट आहे, पण इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि मशीन महिनोनमहिने उभी राहिली की ते पाणी खाली बसतं, कार्बोरेटरच्या वाटीत चिकटा धरतो. बऱ्याच छोट्या इंजिनांच्या पुस्तकात तर १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असं छापलंय, म्हणून जुनी रबरी नळी फुगली-चिरली असेल तर ती पण बदलून टाका.

टाकीतलं पेट्रोल पूर्ण काढा, कार्बोरेटरच्या वाटीखालचा स्क्रू काढून ते पण सांडू द्या, ताजं पेट्रोल थोडंच घाला. तरी नाही झालं तर जेट (कार्बोरेटरमधला बारीक भोकाचा स्क्रू) काढून कार्ब क्लिनर आणि हवेने साफ करा, तार घालू नका, भोक मोठं झालं की पुढं कायम पेट्रोल जास्त खाईल. प्लग काढून ब्रशने पुसा, फट ०.७ ते ०.८ मिमी. आणि एक गोष्ट जी खूप जण विसरतात, काही इंजिनांना ऑईल सेन्सर असतो, ऑईल कमी असलं की स्पार्कच येत नाही आणि माणूस दोरी ओढून ओढून थकतो, म्हणून मशीन सपाट ठेवून आधी ऑईल बघा. शेडमध्ये उंदरांनी वायर कुरतडली नाही ना ते पण.

पुढच्या वेळी ठेवताना पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, प्लगच्या भोकातून चमचाभर ऑईल सोडा, दोरी सावकाश ओढा आणि जिथं घट्ट लागेल तिथं थांबवा, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद राहतात आणि पावसाळी दमट हवा आत जात नाही.

प्रश्न : त्याच तऱ्हेच्या पेट्रोल वीडरवर डिझेल इंजिन बसवायचंय, डिझेलचा खर्च कमी पडतो म्हणून. बेल्टचा वीडर आहे. बसेल का? (शिराळा)

बसवता येतं, पण हिशोब करून. वीडरवर येणारी १७० प्रकारची पेट्रोल इंजिनं साधारण १६ किलोची, आणि त्याच ताकदीचं १७८ प्रकारचं एअर कूल डिझेल ३० किलोच्या पुढं जातं, म्हणजे दुप्पट. शिराळ्याच्या चढ-उताराच्या रानात आणि चिखलणीला हे वजन तुम्हालाच उचलायचंय. डिझेलचा हादरा पण मोठा, त्यामुळं बेडची पट्टी जाड करावी लागते, वेल्डिंगला चिरा पडतात का ते बघत राहावं लागतं.

मग पुलीचा हिशोब, तो सोपा आहे. इंजिनाचे आरपीएम गुणिले इंजिनाची पुली, भागिले गिअरबॉक्सची पुली. पेट्रोल इंजिन ३६०० आरपीएमला, पुली ३ इंची, खालची ९ इंची, तर गिअरबॉक्सला १२०० मिळतात. डिझेल ३००० ला चालवणार असाल तर तेच १२०० मिळवायला ३.६ इंची पुली पाहिजे, बाजारात साडेतीनची मिळेल, ११६६ येतील, चालतंय. पण जुनीच ३ इंची ठेवली तर १००० वर येईल, पाती मंद होतील आणि लोक म्हणतील डिझेल इंजिनात दम नाही.

सगळ्यात मोठी फसगत शाफ्टची होते. या डिझेल इंजिनांत एक प्रकार असा येतो की शाफ्ट क्रँकचा नसून कॅमचा (व्हॉल्व्ह उघडझाप करणारा) बाहेर काढलेला असतो, तो अर्ध्या स्पीडने आणि उलट्या दिशेने फिरतो. तो बसवला की वीडर पुढच्या गिअरमध्ये मागं येतो, आणि मागं उभा असलेला माणूस पात्यांखाली. दुकानातच इंजिन चालू करून दिशा आणि आरपीएम बघून घ्या, शाफ्टची जाडी व्हर्निअरने मोजा, ३/४ इंची आणि २० मिमी दिसायला सारखेच पण पुली एकाची दुसऱ्यात नीट बसत नाही. वर्षातून थोडेच दिवस वीडर लागत असेल तर मी हे करणार नाही, बचत वसूल होत नाही. भाड्याने फिरवत असाल तर करा.

प्रश्न : टिलरला ट्रॉली लावून घराकडं येताना उतारावर डावा स्टिअरिंग क्लच (वळवायला त्या चाकाची ताकद तोडणारा) दाबला की टिलर उजवीकडं जातो. क्लच उलटे जोडलेत का? (पाटण तालुका)

नाही, क्लच बरोबर आहेत, आणि हे वाचून लगेच घरातल्या सगळ्यांना सांगा. सपाटीला इंजिन चाकांना ढकलत असतं, डाव्या चाकाची ताकद तोडली की ते मागं राहतं आणि टिलर डावीकडं वळतो. तीव्र उताराला ट्रॉलीचं वजन टिलरला ढकलतं आणि इंजिन चाकांना धरून ठेवतं, अशा वेळी डावा क्लच दाबला की डावं चाक मोकळं सुटतं, ते पुढं पळतं आणि टिलर उजवीकडं जातो. कारण कळलं तरी घाईत हात सवयीने चुकीचाच दाबतो. म्हणून उतारावर स्टिअरिंग क्लच वापरायचेच नाहीत. उतार सुरू व्हायच्या आधी लहान गिअर टाका, हँडल अंगाने ढकलून वळवा, ट्रॉलीचे ब्रेक रोज तपासा, आणि डिझेल वाचवायला न्यूट्रल करून सोडणं तर कधीच नको.

प्रश्न : आमच्याकडं धूळ भरपूर आणि बोअरचं पाणी जड. इंजिन लवकर जातात. (जत)

दोन्ही कारणं तुम्हीच लिहिलीत. ऑईलचा एअर क्लिनर धुळीच्या दिवसात रोज उघडा, वाटीत गाळ दिसला की ऑईल फेकून वाटी डिझेलने धुवा, नवीन ऑईल खुणेपर्यंतच. जास्त भरलं तर इंजिन ते ओढून घेतं आणि डिझेल बंद केलं तरी पळत सुटतं, अशा वेळी डिकॉम्प्रेशन खिट्टी दाबायची नाहीतर हवेचं तोंड जाड कापडाने गच्च बंद करायचं. क्लिनरपासून इंजिनापर्यंतचा रबरी पाईप बघा, बारीक चीर असली तरी सगळी धूळ तिथूनच आत जाते आणि क्लिनर कितीही साफ असला तरी उपयोग शून्य.

जड पाण्याचा क्षार लायनरच्या भोवती थर धरतो, उष्णता बाहेर जात नाही, रिंगा पकडतात. पावसाचं साठवलेलं किंवा आरओ फिल्टरचं पाणी कूलंटसह घाला. गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका.

प्रश्न : ५ एचपीच्या वीडरला बॅटरी-मोटर लावली तर? (कराड)

५ एचपी म्हणजे जवळपास ३.७ किलोवॉट. ४८ व्होल्ट १०० अँपिअर-अवरच्या बॅटरीत ४.८ युनिट मावतात, म्हणजे पूर्ण लोडला तास-सव्वा तास, त्यातून वायर-कंट्रोलरची घट काढली की तासभर धरा. पॉलीहाऊस, रोपवाटिका, परसबाग यांना छान, धूर नाही आवाज नाही. उसाच्या पट्ट्याला आत्ता तरी नाही.

प्रश्न : मिनी ट्रॅक्टरचं इंजिन बदललं तर कागदपत्रांचं काय? (पलूस)

आरसी बुकवर इंजिन नंबर असतो, त्यामुळं जुनं इंजिन खोलायच्या आधी आरटीओत चौकशी करा, तुमच्याकडं एमएच १० चं सांगली कार्यालय. नवीन इंजिनाचं पक्कं बिल, त्यावर इंजिन नंबर पाहिजे. सेकंडहँड इंजिन घेताय तर ते ज्या गाडीतून काढलं तिचे कागद बघितल्याशिवाय पैसे देऊ नका, नंबर खरवडलेला असेल तर कितीही स्वस्त असलं तरी नको. बिल बघताना जीएसटी पण तपासा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टर, शेतीची बरीच यंत्रं आणि १५ एचपीपर्यंतची फिक्स्ड स्पीड डिझेल इंजिनं यांच्यावरचा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय, त्यामुळं बिलावर १२ दिसलं तर का लावलाय ते तिथंच विचारा आणि पैसे त्यानंतर द्या. बसवून झाल्यावर नवीन नंबर आरसीवर चढवून घ्या, आणि विमा असेल तर त्या कंपनीला पण लेखी कळवा.